पांढऱ्या दगडांची ओळख

आमच्या सिन्नर-संगमनेर पट्ट्यात खनिज ओळखायचं तर रंग आधी बाजूला ठेवावा लागतो. पाठ्यपुस्तकात मात्र सुरुवात रंगापासूनच होते, आणि त्यानंतर येतो कस, म्हणजे खरखरीत चिनी मातीच्या तुकड्यावर उमटणारी रेघ. कोकणातल्या रेडीच्या लोहखनिजाला कस उत्तम लागू पडतो: हेमॅटाइट कितीही काळं दिसो, रेघ लालसर तपकिरीच येते. पण काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत जे सापडतं ते बहुतेक पांढरं किंवा बिनरंगी, आणि त्याची रेघही पांढरीच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, त्या जागी नंतर पाणी झिरपत राहिलं आणि त्यातून क्वॉर्ट्झ, कॅल्साइट, ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट, स्कोलेसाइट असं बरंच काही वाढलं.

आत्याच्या शेतात विहिरीचं काम चालू होतं, तेव्हा सुरुंगानंतर वर आलेल्या दगडांतून तिने एक चकाकणारा तुकडा राखून ठेवला. "बघ गं, ही नुसती गार आहे की आणखी काही?" गार म्हणजे क्वॉर्ट्झ. त्याचं काठिण्य, म्हणजे ओरखड्याला न जुमानण्याची ताकद, १ ते १० च्या मापात ७, म्हणून काचेवर तो सहज ओरखडा काढतो. या तुकड्याने काच ओरखडली नाही, उलट चाकूचं टोक दाबून ओढल्यावर त्याच्यावरच चरा उमटला. मग व्हिनेगरचा थेंब टाकला. कॅल्साइट असतं तर बारीक बुडबुडे आले असते. आले नाहीत.

आता भिंगाने बघायचं. क्वॉर्ट्झच्या उभ्या पैलूंवर बारीक रेघा असतात त्या आडव्या, ॲपोफिलाइटवर उभ्या. शिवाय क्वॉर्ट्झचा खांब सहा बाजूंचा, ॲपोफिलाइटचा चौकोनी. आत्याच्या दगडावर रेघा उभ्या होत्या, आणि जिथे तो आडवा तुटला होता तिथे सपाट, मोत्यासारखी चकाकी होती. बाकीचे पैलू काचेसारखे. एकाच स्फटिकावर या दोन चकाक्या दिसल्या की मला शंका उरत नाही. ॲपोफिलाइट. (राहुरीजवळ मोमीन आखाड्याच्या विहिरीत हाच हिरवागार निघाला होता. रंगावर विसंबू नका म्हणते ते यासाठी.)

माझ्या मते सर्वांत जास्त सांगून जातो तो तुटण्याचा ढंग. कॅल्साइट तीन दिशांनी फुटतं, म्हणून त्याचा बारीकसा कणही तिरका ठोकळाच असतो. क्वॉर्ट्झला अशी ठरलेली दिशा नाही, तो वक्र पृष्ठांनी फुटतो. पण म्हणून चांगल्या स्फटिकावर हातोडी चालवू नका, मला ते बघवत नाही. खाणीत पायाखाली चुरा पडलेला असतो, मुकादमाला विचारून त्यातले तुकडे घ्या.

स्टिल्बाइट बहुधा आकारानेच कळतं: मधोमध बांधलेली गव्हाची पेंढी. तुकडा मोडका असेल तर वजन करावं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा, दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवायचा, पण तळाला टेकू द्यायचा नाही. कोरड्या दगडाचं वजन ८८ ग्रॅम आणि आता काट्यावर ४० दिसले, तर ८८ भागिले ४०, म्हणजे विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच पाण्यापेक्षा दगड किती पट जड) २.२. हा स्टिल्बाइटच्या आसपासचा आकडा, कॅल्साइट २.७ च्या जवळ येतं. खाली काळा पाषाण चिकटलेला असेल तर मात्र हिशेब चुकतो.

रंगाने ओळखावं असं एकच मनात येतं, पुण्याजवळच्या वाघोलीचं कॅव्हनसाइट. ते निळं एकदा पाहिलं की विसरत नाही. तरी तिथेही सावध राहावं लागतं, कारण पेंटागोनाइटची रासायनिक घडण तीच आणि रंगही निळाच. फरक स्फटिकाच्या रचनेत.

आणि सुया. स्कोलेसाइट, मेसोलाइट, नॅट्रोलाइट, तिन्ही झिओलाइट या खनिजगटातली, पांढऱ्या बारीक सुयांचे झुबके. काठिण्य जवळपास सारखं, चकाकी सारखी, वजनातही हाताला जाणवेल असा फरक नाही. स्कोलेसाइट ज्योतीत धरलं तर वळवळत वाकतं, पण त्यात नमुना जातो. खात्रीने सांगायला क्ष-किरणांची तपासणी लागते. तोवर अशा खोक्यावर मी गावाचं नाव, विहीर की खाण, आणि 'सुईसारखं झिओलाइट' एवढंच लिहिते.