1966च्या फियाटला साजेसा रेडिओ

आमची फियाट 1100 डिलाइट 1966 सालची. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, आजोबांनी नंबर लावून घेतलेली. इंजिन, पत्रा, रंग, सीट असं सगळं एकेक करून मार्गी लागलं आणि शेवटी उरलं ते डॅशबोर्डातलं भोक. नव्वदच्या दशकात काकानं हौसेनं कॅसेट प्लेअर बसवला होता आणि त्यासाठी डॅशचा पत्रा सरळ कापून काढला होता. प्लेअर केव्हाच भंगारात गेला. भोक मात्र 182 बाय 53 मिलिमीटरचं, म्हणजे आजच्या साध्या कार स्टिरिओच्या नेमक्या मापाचं. त्यामुळे जो तो म्हणायचा, एक ब्लूटूथवाला डबा सरकव आणि मोकळा हो.

तसं केलंही असतं. पण गाडीच्या कागदांच्या फायलीत पोस्टाचं रेडिओ लायसन्स निघालं. तरुण वाचकांसाठी सांगतो, ऐंशीच्या दशकापर्यंत रेडिओ बाळगायला लायसन्स लागायचं, दरवर्षी पोस्टात जाऊन त्याचं नूतनीकरण करावं लागायचं, आणि गाडीतला रेडिओही त्यातून सुटलेला नव्हता. आजोबांच्या त्या पुस्तिकेत निळ्या शाईनं 'फिलिप्स' लिहिलेलं होतं. मॉडेल वाचता येत नव्हतं, त्यावरच नेमका शिक्का बसला होता. पण गाडीत रेडिओ होता आणि तो फिलिप्सचा होता, एवढं तर पक्कं झालं.

इंटरनेटवर शोधायला लागलो तर इटलीतले ऑटोव्हॉक्स आणि इंग्लंडमधले रेडिओमोबाइल दिसायला लागले. दिसायला देखणे, क्रोम चकचकीत. 'फियाटला ऑटोव्हॉक्सच शोभतो' असं सांगणारेही भेटले. माझं मत वेगळं आहे. तिकडच्या बऱ्याचशा रेडिओंवर मिडियम वेव्हबरोबर लाँग वेव्ह असते, आणि लाँग वेव्हवर आपल्याकडे कधी काही लागलंच नाही. इथल्या माणसाला शॉर्ट वेव्ह हवी होती, कारण रेडिओ सिलोन तिथं लागायचं. विविध भारतीसुद्धा 1957 साली सुरू झाली ती शॉर्ट वेव्हवरच. मुंबई-पुणे-नागपूरवर तिच्या जाहिराती वाजायला लागल्या त्या 1967च्या नोव्हेंबरात. आयातीवर तेव्हा एवढी बंधनं होती की इटलीतला रेडिओ पुण्यातल्या फियाटमध्ये असणं ही नवलाईच. तेव्हा तुरीनच्या फियाटला जे बरोबर, ते कुर्ल्याच्या फियाटला बरोबर असेलच असं नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी मर्फी, बुशचे घरगुती रेडिओ हमखास दिसतात. कार रेडिओ दिसत नाही. घरातला रेडिओ बंद पडला तरी शोकेसमध्ये जाऊन बसला. गाडीतला गाडीबरोबरच तोडला गेला. मग मुंबईला चोर बाजारात, शुक्रवारी पहाटे जो माल रस्त्यावर मांडतात तिथं गेलो. एक मिळाला. "अँबॅसिडर का है साब, सौ टका चालू." अँबॅसिडरचा आहे हे त्यानं सांगितलं तेच बरं झालं. जुन्या अँबॅसिडरमध्ये बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असायचं, इंग्रजी पद्धतीनं; याला प्लस अर्थ (अर्थिंग) म्हणतात. फियाटमध्ये मायनस. त्या काळातल्या अनेक ट्रान्झिस्टर रेडिओंचा पत्र्याचा डबा म्हणजेच एक टोक. प्लस अर्थचा रेडिओ मायनस अर्थच्या गाडीत स्क्रूनं आवळला की थेट शॉर्ट. काही रेडिओंना मागे प्लग उलटा करून ही अदलाबदल करायची सोय असते, याला नव्हती. रबर लावून डबा बॉडीपासून वेगळा ठेवता येतो म्हणतात, पण एरियलच्या केबलची जाळी, स्पीकरची वायर, सगळंच सांभाळत बसावं लागतं. सोडून दिला.

चोर बाजारातच एकानं दुसरा उपाय सुचवला: बाहेरचा चेहरा जुना, आत नवा एफएम-ब्लूटूथचा बोर्ड. हा धंदा सध्या जोरात आहे. चांगला चालू शकणारा रेडिओ पोखरून त्यात दोनशे रुपयांचा चिनी बोर्ड भरायचा, हे मला अजिबात पटत नाही. चेहराच हवा असेल तर फोटो चिकटवा.

रेडिओ अखेर मिळाला तो कोल्हापुरात, एका जुन्या गॅरेजवाल्यांकडे. फियाट तोडताना काढून फळीवर ठेवलेला, वर ग्रीसचा थर. फिलिप्स, मिडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह, दोन दांड्यांचा: डावीकडे आवाज, उजवीकडे स्टेशन. मागच्या लेबलवर मायनस अर्थची खूण. दोन्ही नॉब जागेवर, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण रेडिओ मिळतो, नॉब मिळत नाहीत. किंमत विचारली तर म्हणाले, "न्या की, आता कोण ऐकतंय हे! पोरांच्या चहापाण्याचं द्या." चहापाणी दीड हजारावर मिटलं.

घरी आणून बॅटरीला थेट जोडायचा मोह होतो. तो टाळावा. बॅटरी आणि रेडिओच्या मध्ये इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब टाकायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि रेडिओ वाचतो. मंद लुकलुकला तर ठीक. आमचा मंद पेटला, स्पीकरमध्ये 'टक्' झालं, आणि पुढे नुसती शांतता.

सदाशिव पेठेत एक काका अजून जुने रेडिओ दुरुस्त करतात. त्यांनी झाकण उघडलं आणि मला आत बघायला लावलं. घरच्या रेडिओत स्टेशन बदलायला पात्यांचा गँग, म्हणजे फिरता कपॅसिटर असतो. गाडीच्या हादऱ्यात तो टिकत नाही, म्हणून इथं फेराइटच्या पेन्सिलीएवढ्या कांड्या कॉइलमध्ये आत-बाहेर सरकतात. नॉब फिरवला की तिन्ही कांड्या एकदम मागेपुढे होतात. "ह्यातली एक जरी मोडली असती ना, तर मी तुम्हाला परत पाठवलं असतं," काका म्हणाले. मग त्यांनी एका छोट्या चंदेरी ट्रान्झिस्टरवर पेचकसच्या मुठीनं टिचकी मारली आणि रेडिओ क्षणभर खरखरला. एएफ 117. याच्या डब्याच्या आत कथलाचे केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि आतल्या टोकांना चिकटतात. साठ वर्षं पडून राहिलेल्या रेडिओतला हा ठरलेला आजार. त्याला चार पाय. चौथा फक्त डब्याला अर्थ करणारा. काकांनी तेवढा पाय कापला आणि रेडिओ बोलायला लागला.

"बदलायचा नाही?" मी विचारलं.

"अहो, चालतोय ना? त्याच्या जागी जुनाच टाकणार, त्यालाही केस फुटणार."

वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र सगळे बदलले. ते तपकीर गल्लीत मिळाले. व्हॉल्यूमच्या आधी एक बारीक वायर काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये आणून घेतली, फोन जोडायला. कट्टर मंडळींनी नाकं मुरडली. पण ती दोन टाके उकलले की निघते, रेडिओला भोक नाही की ओरखडा नाही, म्हणून मला त्यात काही गैर वाटत नाही.

डॅशचं पत्राकाम सोपं निघालं. माझ्या काकानं कापलेल्या भोकात पत्रा वेल्ड केला आणि त्यात मधली चौकट आणि दांड्यांची दोन भोकं नव्यानं पाडली. जास्त वेळ खाल्ला एरियलनं. दुकानदार टीव्हीची केबल जोडून देतो आणि मग मिडियम वेव्हवर काही येत नाही. कार एरियलची खास केबल आतून जवळपास पोकळ असते, मधली तार केसाएवढी. साध्या केबलची कपॅसिटन्स कितीतरी जास्त, आणि सगळा सिग्नल तिथंच मुरतो. खरी केबल लावून, एरियल पूर्ण वर काढून, 1400 किलोहर्ट्झच्या आसपास एखादं क्षीण स्टेशन धरायचं आणि रेडिओवरच्या एरियलच्या भोकाशेजारचा छोटा स्क्रू आवाज सर्वात मोठा होईपर्यंत फिरवायचा. बाकी काही न करता रेडिओ दुप्पट जागा झाला.

पुणे आकाशवाणी 792वर स्वच्छ लागते. इंजिन चालू केलं की मात्र शिट्टी सुरू व्हायची, रेस दिली की चढायची. ती डायनॅमोची. त्याच्या जाड वायरच्या टर्मिनलवर एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि शिट्टी गेली. फील्डच्या बारीक टर्मिनलवर तो कधीही लावू नका, रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. दुसरा कपॅसिटर इग्निशन कॉइलच्या स्विचकडच्या टोकाला, तिथली टकटक बंद. फोनचा चार्जर मात्र काढूनच ठेवावा लागतो, तो सगळा मिडियम वेव्ह व्यापून टाकतो. आता राहिली वायपरची घरघर. त्या मोटरला अजून काही केलेलं नाही. पाऊस लागायच्या आत करायचं आहे.