भाचीला ते का दाखवलं?

बारशाला विचारलंत, लग्नात विचारलंत, परवा दहाव्याच्या घाटावरसुद्धा एकीनं बाजूला घेतलं. "चौदा वर्षांच्या पोरीला 'सुळल' कशाला दाखवलीस गं?" आता एकदाच सांगते.

(तमिळ मालिका आहे ती. 'सुझल' म्हणू नका, ते इंग्रजी स्पेलिंगचं पाप आहे. तमिळ उच्चार आपल्या ळच्या जवळचा. अर्थ भोवरा.)

मालिका वाईट नाही. पुष्कर-गायत्री या जोडीनं रचलेली, २०२२ची, आठ भागांची. सिमेंटच्या कारखान्याला आग लागते, कामगार पुढाऱ्याची धाकटी मुलगी नाहीशी होते, आणि मागे मयान कोल्लैचा उत्सव चालू. अंगाळम्मन देवीची सोंगं घेऊन माणसं स्मशान लुटायला निघतात. त्या सोंगांसाठीच तर मी लावली होती. कदिर आणि ऐश्वर्या राजेश या कलाकारांसाठीही.

दिवाळीची सुट्टी. शेवटचा भाग, मध्ये चकलीचा डबा. मुलींना छळणारा घरातलाच माणूस, हे उलगडलं तेव्हा तिनं रिमोट उचलून चित्र थांबवलं. डबा बंद केला, झाकण दोनदा दाबलं. म्हणाली, "आत्या, घरात कुणाला कळत कसं नाही?"

आणि मी म्हणाले, "पुढे बघ, कळेल."

वहिनी दारात उभी होती. केव्हापासून, देव जाणे. तिनं टीव्ही बंद केला, लेकीला उठवलं. सकाळी दादा चहा न घेताच निघाला. दारात एवढंच म्हणाला, "स्वतःचं पोर असतं तर कळलं असतं तुला."

मी ताडकन सांगितलं, मुद्दाम दाखवलं, या वयात मुलींना कळायलाच हवं. पुढे तुम्हालाही तेच सांगत आले. ते खोटं. शेवट मलाही ठाऊक नव्हता. पोलिसांची धावाधाव असेल, गुन्हेगार सापडेल, झोपू, एवढीच माझी तयारी. पण म्हणून कळायला नको होतं का? यावर मी ठाम आहे. निदान दिवसा तरी असते.

तुमचं मात्र मला नवल वाटतं. मी का दाखवलं हे सगळे विचारता. तिनं तो प्रश्न का विचारला, हे आजवर एकानंही विचारलं नाही. कदाचित काहीच नसेल. मालिका बघताना कुणीही विचारेल असाच प्रश्न होता तो. पण तिला जवळ घेऊन विचारायची वेळ माझी होती, आणि मी पडद्याकडे बोट दाखवलं.

२०२५च्या फेब्रुवारीत तिचा मेसेज आला. "दुसरा सीझन आलाय, आई नको म्हणते. तू बघितलास?"

मी तो एका रात्रीत संपवला होता. "नाही गं," असं लिहिलं, आणि बराच वेळ फोन हातात धरून बसले. तिनं अंगठा पाठवला.