उभ्या गाड्यांचं गॅरेज : आमची वाटचाल

नाना पेठेच्या स्पेअर पार्ट बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका वाड्याच्या तळमजल्यावर वडिलांनी गॅरेज टाकलं. चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे, तो काळ. पेट्रोलमध्ये ऑइल मापून घालायचं, प्लगची काजळी पॉलिश पेपरने घासायची आणि तरीही रुसली तर गाडी आडवी करून पुन्हा किक मारायची, एवढं तर प्रत्येक पुणेकराला यायचंच. त्यापुढचं काम वडिलांकडे यायचं.

अ‍ॅक्टिव्हा आली, चेतक बंद झाली, कंपन्यांची एसी सर्व्हिस सेंटरं उघडली. वॉरंटीच्या गाड्या तिकडे गेल्या आणि आमच्याकडे पंक्चर, केबल, ब्रेक शू असली किरकोळ कामं उरली.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळ्या पुण्याच्या गाड्या पार्किंगमध्ये उभ्या राहिल्या. निर्बंध सैल होताच फोन सुरू झाले, "दादा, नुसती खर्र करते हो, चालूच होत नाही." टेम्पो मिळत नव्हते, म्हणून हत्यारांची पिशवी घेऊन आम्हीच सोसायट्यांमध्ये जाऊ लागलो. टाळेबंदी संपली तरी हे काम टिकलं. मुलं परदेशात, काका-काकू अर्धं वर्ष तिकडे आणि अर्धं इकडे, अशी घरं कोथरूडपासून सदाशिव पेठेपर्यंत भरपूर आहेत. ती आमची पक्की गिऱ्हाइकं.

फोनवर आमचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सेल्फ दाबत बसू नका." मरायला टेकलेली बॅटरी त्यानेच संपते. आमचा माणूस गेल्यावर आधी व्होल्ट बघतो. विश्रांतीत असलेली चांगली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. साडेदहाच्या खाली घसरून महिनोन्‌महिने पडली असेल, तर ती चार्ज करून फारसा उपयोग नसतो. 2020 नंतरच्या इंजेक्शनच्या गाडीला बॅटरी पूर्ण बसली की किकचाही भरवसा नाही, कारण पंप आणि कंप्युटर त्याच विजेवर चालतात. चावी फिरवल्यावर सीटखालून पंपाचा बारीक आवाज आला नाही, तर पुढचं काही उघडण्यात अर्थ नाही.

जुन्या गाडीचं दुखणं बहुतेक वेळा कार्बोरेटरमध्ये असतं. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे उरलेला चिकट थर जेटच्या, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक नळीच्या, भोकात बसतो. स्लो जेटचं भोक अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतं, त्यात तार घालणाऱ्याला आमच्याकडे ओरडा बसतो. क्लीनर मारायचा, हवेने फुंकायचं, बस. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाला बसतात. म्हणून आम्ही थोडं पेट्रोल बाटलीत काढून उजेडात धरतो. खाली वेगळा थर दिसला की टाकी रिकामी करायची, त्यात नवं पेट्रोल ओतून भागवायचं नाही.

एरंडवण्यातली एक गाडी लक्षात राहिली. प्लगला करंट, पेट्रोल ताजं, कॉम्प्रेशन ठीक, आणि गाडी ढिम्म. मालक काका वरून चहा पाठवत होते आणि दर कपाबरोबर विचारत होते, "झालं का?" शेवटी आमच्या पोऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला आणि म्हणाला, "शेठ, किक मारली तरी हवाच येत नाही." टॉर्चच्या उजेडात आत बघितलं तर कुंभारमाशीने मातीचं घर बांधून नळी लिंपून टाकली होती. स्क्रू ड्रायव्हरने ढेकूळ फोडलं आणि गाडी चालू झाली. त्या दिवसापासून सायलेन्सर आणि एअर फिल्टर (उंदरांची आवडती जागा) तपासणीच्या यादीत वर आले.

गाडी ठेवून जाणाऱ्यांसाठी आम्ही वार्षिक कामही घेतो. जाण्याआधी कार्बोरेटर रिकामा करतो, बॅटरी काढून आमच्याकडे चार्जवर ठेवतो, गाडी मधल्या स्टँडवर घेतो आणि सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबून हँडलला चिठ्ठी बांधतो. शेजाऱ्याला सांगून दर रविवारी दोन मिनिटं गाडी चालू करणं बंद करा, असंही सांगतो. त्याने बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साठतं.

तपासणीचे पैसे आम्ही घेतोच, मग उत्तर "विकून टाका" असं का असेना. 15 वर्षं उलटलेल्या गाडीचं आरटीओत नूतनीकरण, पीयूसी, विमा, टायर हे सगळं जोडलं की पुष्कळदा हिशेब जुळत नाही. काही जण रागावतात. काही जण हिशेब ऐकूनही "करा" म्हणतात, त्यांची गाडी आम्ही मनापासून करतो.

अलीकडे ई-स्कूटरचे फोनही येऊ लागलेत. मोठी बॅटरी भरलेली असते, पण काही मॉडेलमध्ये आतली लहान 12 व्होल्टची बॅटरी बसलेली असते, त्यामुळे स्क्रीनच उजळत नाही. हाय व्होल्टेजच्या भागाला आम्ही अजून हात लावत नाही. त्याचं शिक्षण घ्यायला पोऱ्याला पाठवलं आहे.