तीन वर्षं एकच रेट

मागच्या महिन्यात माझ्या सगळ्यात जुन्या क्लायंटकडे रेट वाढवून मागितला आणि मिळाला. त्याआधी तीन वर्षं मी त्याच रेटवर काम करत होते, एकदाच विषय काढला होता, तोही चाचरत. माझ्यासारखे कितीतरी फ्रीलान्सर मला माहितीयेत, काम चोख, वेळेच्या आधी देणार, पण पैशाचं बोलायची वेळ आली की मेल ड्राफ्टमध्येच पडून राहतो, म्हणून लिहितेय.

मूळ चूक सुरुवातीलाच झाली होती. नोकरी सोडली तेव्हा आधीचा वर्षाचा पगार घेतला, ५२ आठवडे गुणिले ४० तास म्हणजे २०८० ने भागला आणि आला तो आकडा माझा तासाचा रेट. पण फ्रीलान्सरला २०८० तासांचे पैसे मिळतच नाहीत ना! कोटेशन बनवणं, नवीन काम शोधणं, अडकलेल्या पेमेंटसाठी फोन करणं, आजारपण, सुट्ट्या, ह्याचं बिल कोणाला लावणार? यंदा मी सलग तीन महिने प्रत्येक तास वहीत लिहिला, तर बिल लावता येतील असे आठवड्याला सरासरी २५ च तास निघाले. वर्षाचे ४६ आठवडे धरले तर ११५०. म्हणजे नोकरीत असताना मिळायचे त्याच्या जेमतेम ५५ टक्के, आणि त्यातून विमा, लॅपटॉप, सॉफ्टवेअर सगळं स्वतःचं. ते पान बघून मला खरंच रडू आलं.

वर महागाई. वर्षाला ५ टक्के जरी धरली तरी तीन वर्षांत त्याच पैशाची किंमत साधारण १४ टक्क्यांनी उतरते, म्हणजे मी रेट तोच ठेवतेय असं समजत होते आणि दरवर्षी डिस्काउंट देत होते.

भीती एकच होती, क्लायंट गेले तर? त्याचंही गणित मांडलं. रेट २५ टक्क्यांनी वाढवला आणि २० टक्के काम गेलं तर कमाई होती तेवढीच राहते, शिवाय तो वेळ मोकळा. ह्या एका ओळीनं मला जेवढा धीर दिला तेवढा कोणाच्याच सल्ल्यानं दिला नव्हता.

पहिल्या वेळी मी घरखर्च वाढल्याचं सांगितलं होतं आणि शेवटी 'जमलं तर बघा' म्हटलं होतं. उत्तर आलं, यंदा बजेट नाही. बरोबरच आहे, माझा घरखर्च हा त्यांचा प्रश्न नाहीच, त्यांना कामाचं सांगायला हवं होतं. ह्या वेळी वर्षभरात काय काय केलं, कुठे त्यांचा वेळ वाचला, ते अर्ध्या पानात लिहून नेलं आणि आकडा आधी मी सांगितला, ३० टक्के. ट्वर्स्की आणि काहनेमन ह्या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ साली छापून आलेला एक प्रयोग आहे, लोकांसमोर १० किंवा ६५ वरच थांबेल असं चक्र फिरवलं आणि मग विचारलं की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील. १० बघितलेल्यांचा मधला अंदाज २५, ६५ वाल्यांचा ४५. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचा संबंध नाही तरी आधी दिसलेला आकडा ओढतो, मग पैशाच्या बोलण्यात तर ओढणारच.

आकडा सांगून गप्प बसले. हे सगळ्यात अवघड, तोंडात 'पण थोडं कमी चालेल' आलंच होतं. समोरच्या मॅडम म्हणाल्या, एवढं नाही जमणार. मी म्हटलं ठीक आहे, बजेट तेच ठेवू, पण मग महिन्याचा रिपोर्ट मी करणार नाही आणि दुरुस्त्या दोनदाच. रिपोर्ट त्यांना हवाच होता. शेवटी २५ टक्क्यांवर ठरलं, नवा रेट पुढच्या तिमाहीपासून, आणि पेमेंट ४५ ऐवजी १५ दिवसांत, ज्याचा मला रेटइतकाच आनंद झाला. सगळं त्याच दिवशी मेलवर लिहून घेतलं.

एका छोट्या क्लायंटला मात्र नाही परवडलं. त्यांना दोन महिने आधी कळवलं होतं, चालू काम जुन्याच रेटनं पूर्ण केलं, फाइली नीट सोपवल्या. त्यांचे आठवड्याचे चार तास आता रिकामे आहेत, त्यात कोटेशन पाठवतेय, नव्या रेटनं.