आमची वाटचाल : विमानाचा रंग आणि त्याचे साल

साताऱ्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऐंशीच्या दशकात सुरू केलेला आमचा व्यवसाय दुकानांच्या पाट्या लिहिण्याचा आणि ट्रक-टेम्पोच्या बॉडीला रंग देण्याचा होता. फ्लेक्स आल्यावर पाट्यांचे काम झपाट्याने आटले आणि औद्योगिक वसाहतीतले शेड घेऊन आम्ही बॉडी पेंटिंगवर भर दिला. सेवानिवृत्त लढाऊ विमाने, रणगाडे आणि तोफा यांच्या रंगकामाकडे वळण्याचे कारण मात्र हा जिल्हाच आहे. अपशिंगे मिलिटरीसारखे गाव, १९६१ पासूनची सैनिक शाळा आणि घराघरांत माजी सैनिक असलेली खेडी जिथे आहेत, तिथे स्मारकापुढे ठेवलेल्या विमानाचा रंग उडालेला लोकांना खुपतो.

पहिले काम एका संस्थेच्या आवारातील मिग-२१ चे होते. विमान चकचकीत निळे करावे आणि शेपटीवर मोठा तिरंगा काढावा, अशी संस्थेची इच्छा होती. आम्ही दरपत्रक तयार करत असताना कोरेगाव तालुक्यातील एक निवृत्त वायुसैनिक शेडवर आले. त्यांनी आयुष्यभर विमानांची देखभाल केली होती आणि परिसरात सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनी एकच विचारले, "कोणत्या सालचं विमान करताय?" तो प्रश्न आज आमच्या जॉबकार्डची पहिली ओळ आहे आणि तिचे उत्तर लिहिल्याशिवाय आमच्याकडे रंगाचा डबा उघडला जात नाही.

हा प्रश्न किती मोलाचा आहे, हे मिग-२१ वरूनच समजते. हे विमान १९६३ मध्ये भारतात आले, आणि त्याचा एफएल हा प्रकार पुढे नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात तयार झाला. सुरुवातीची ही विमाने धातूच्या मूळ चंदेरी रंगातच उडत असत. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास जमिनीवर उभी असलेली विमाने वरून दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर घाईने छद्मरंग चढवले गेले आणि त्यांचे पट्टे सगळीकडे एकसारखे नव्हते. एफएल २०१३ पर्यंत सेवेत राहिले आणि त्या अवधीत रंग पुन्हा बदलले. त्यामुळे एकाच विमानाला तीन-चार बरोबर रंग असू शकतात, परंतु चंदेरी काळातला क्रमांक, युद्धकाळातले पट्टे आणि नंतरच्या काळातले स्क्वॉड्रनचे, म्हणजे हवाई दलाच्या तुकडीचे, चिन्ह एकत्र आले, की असे विमान कधी अस्तित्वातच नव्हते.

साल ठरल्यावर पुरावा शोधायचा असतो आणि सर्वांत विश्वासार्ह पुरावा विमानाच्या अंगावरच असतो. ऊन-पाऊस न पोहोचलेली जागा, म्हणजे एखाद्या झाकणाची आतली कड किंवा पट्टीखालचा भाग, आम्ही निवडतो. तिथे बारीक पॉलिश पेपर पाणी लावून तिरका, हलक्या हाताने फिरवला, की वरचा राखाडी, त्याखालचा हिरवा, मग पिवळट हिरवे झिंक क्रोमेट प्रायमर आणि शेवटी ॲल्युमिनियम, असे थर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे एकाभोवती एक उघडतात. तो तुकडा ओला असताना दिवसाच्या उजेडात छटा-पुस्तिकेशी जुळवायचा असतो, कारण उघड्यावरचा रंग उन्हाने भुकटतो, फिका पडतो आणि फसवतो. झिंक क्रोमेटची धूळ कर्करोगकारक आहे, म्हणून हे थर आमच्याकडे कोरडे घासले जात नाहीत आणि मास्क न लावता कारागीर त्या कामाला हात लावत नाही. ॲल्युमिनियमवर लोखंडी ब्रशही चालत नाही, कारण लोखंडाचे कण त्यात रुतून बसतात आणि पुढे तिथेच धातू खराब होतो.

जुनी छायाचित्रे उपयोगी पडतात, पण ती जपून वाचावी लागतात. कृष्णधवल फिल्मवर केशरी आणि हिरवा कधी कधी जवळजवळ एकाच करड्या छटेत उतरतात. म्हणून फोटोवरून आम्ही चिन्हाची जागा, अक्षरांची उंची आणि पट्ट्यांची कड ठरवतो, छटा ठरवत नाही. ब्रिटिश बनावटीच्या हंटर या लढाऊ विमानासाठी ब्रिटिश स्टँडर्ड ३८१सी या रंगांच्या मानक यादीतील ६४१ क्रमांकाचा गडद हिरवा आणि ६३८ क्रमांकाचा गडद समुद्री राखाडी हा आधार मिळतो. अमेरिकन पद्धतीच्या पाच आकडी क्रमांकात पहिला आकडाच चमक सांगतो. तो १ असेल तर रंग चकचकीत, २ असेल तर अर्धचमक आणि ३ असेल तर मॅट. ग्राहकांना चकाकी आवडते हे मला ठाऊक आहे, तरीही मॅट छद्मरंगावर लॅकर मारण्यास आम्ही नकार देतो, कारण चमकणारा छद्मरंग आपल्या उद्देशाच्याच विरोधात जातो.

चिन्हांच्या बाबतीत मी सर्वांत आग्रही आहे. हवाई दलाचे आजचे वर्तुळ बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि केंद्रात हिरवे असते व ते प्रजासत्ताकाबरोबर, १९५० पासूनचे आहे. स्वातंत्र्यानंतर तोपर्यंतच्या काळात अशोकचक्राचे चिन्ह होते. त्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आघाडीवर लढताना, वर्तुळातला लाल रंग काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गफलत होऊन आपल्याच विमानावर गोळीबार होण्याची भीती होती. त्यामुळे त्या आघाडीवरच्या विमानाच्या प्रतिकृतीवर लाल ठिपका काढा, असे कोणी सांगितले, की आम्ही आधी हा इतिहास त्यांच्यासमोर मांडतो.

क्रमांकाची जबाबदारी तर त्याहून मोठी आहे. हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटमधील, म्हणजे जुनी विमाने जपणाऱ्या तुकडीतील, २०१८ मध्ये आलेल्या डाकोटा या वाहतूक विमानावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला घेऊन गेलेल्या डाकोटाचा हा क्रमांक तिच्या स्मरणार्थ दुसऱ्या डाकोटाला दिला आहे आणि ही गोष्ट उघडपणे सांगितली जाते. मला ही रीत मान्य आहे. शौर्याच्या विमानाचा क्रमांक दुसऱ्या विमानावर घालायचा असेल तर शेजारच्या फलकावर तसे लिहावे, अशी अट आम्ही दरपत्रकातच घालतो. ती काही ग्राहकांना अनावश्यक वाटते आणि अशी कामे आम्ही सोडून दिली आहेत.

अक्षरे आम्ही संगणकातल्या तयार फाँटमधून कापत नाही. अण्णांच्या हाताखाली शिकलेले आमचे जुने पेंटर फोटोवरून ट्रेसिंग काढतात, त्यावरून स्टेन्सिल कापतात आणि जुन्या अक्षरांत स्टेन्सिलच्या जोडपट्ट्यांमुळे जिथे खंड पडला होता तिथेच खंड ठेवतात. रिव्हेटवर लांबी (पुट्टी) भरत नाहीत, कारण रिव्हेटची रांग पुसली गेली की विमानाची बनावटच पुसली जाते. साताऱ्याच्या पावसात रंग टिकावा म्हणून वॉश प्रायमर, त्यावर इपॉक्सी आणि शेवटी पीयू (पॉलियुरेथेन) रंग, असा क्रम आम्ही ठेवतो. हे साहित्य आजचे आहे, जुन्या काळचे नाही, आणि ते आम्ही ग्राहकाला लेखी कळवतो.

काम संपल्यावर ग्राहकाला एक फाइल मिळते. तिच्यात निवडलेले साल, त्यामागचे फोटो, थरांच्या तुकड्याचे छायाचित्र, प्रत्येक छटेचा क्रमांक व मिश्रण आणि चिन्हांची मापे असतात. पुढच्या वेळी रंग कोणीही दिला, आम्ही दिला नाही तरीही, ती फाइल त्यांच्या हाती असावी, म्हणून आम्ही तिचे वेगळे पैसे घेत नाही.