तुम्ही विचारलंत म्हणून: बाई, बाराखडी कधी घेणार?

पालकसभेत, बाजारात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हेच. "बाई, पहिली निम्मी संपली, पोरांना बाराखडी येत नाही, नुसती कार्डं खेळतात." आता एकदाच सांगते.

मी आधी क, र, म, न, प, ल एवढीच अक्षरं कार्डांवर देते आणि सोबत काना. लगेच शब्द. कर, मग काना मधे ठेवला की कार, तोच उचलून शेवटी नेला की करा. कान झाला की पहिलं अक्षर बदलून पान, मान, रान. कधी 'लाप' होतं आणि पोरंच ओरडतात, बाई असा शब्दच नसतो! अहो, म्हणजे वाचलं ना त्यांनी? पहिली वेलांटी तर लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर, 'किती' वाचताना पोर तिथे अडतं, पण बाराखडी म्हणताना ते अडणं कळतच नाही, सगळं चालीवर निघून जातं.

एका सभेत एका वडिलांनी पोराला सगळ्यांसमोर उभं केलं, म्हण बाराखडी. ते 'के कै' पर्यंत गेलं आणि थांबलं. पुन्हा म्हण. पुन्हा तिथेच. मागून कुणीतरी हसलं. वडील म्हणाले, वर्ष वाया गेलं की हो बाई. आदल्याच दिवशी त्या पोराने खिचडीच्या पोत्यावरचं 'तांदूळ' आपलं आपण वाचलं होतं. मी सांगितलं तर म्हणे अंदाजाने वाचलं असेल. मी कार्डं पुढे केली, त्याने हातच लावला नाही, नुसता वडिलांकडे बघत राहिला, आणि नंतर कितीतरी दिवस कार्डांच्या डब्याजवळ फिरकला नाही. वडिलांवर राग नाही माझा, त्यांना शाळेत जे मिळालं तेच ते मागत होते. पण वाचता येणाऱ्या पोराला 'तुला येत नाही' असं ऐकवून घरी नेलं, हे अजून सलतं.

तुम्ही पण बाराखडीवरच शिकलात ना? हो, शिकले. पूर्वी मीही घोकूनच घ्यायचे आणि पोरं वाचायची. सगळी, की ज्यांना घरी कुणी जवळ घेऊन बसायचं तीच? छातीठोक नाही सांगता येत.

आणि जोडाक्षरांना माझी कार्डं पुरत नाहीत हेही खरं. एकच र, पण सूर्यमध्ये वर, चक्रमध्ये तिरका, राष्ट्रमध्ये खाली, याचं कार्ड कसं करू? तिथे मी फळ्यावर लिहून दहादा म्हणवून घेते. बाराखडीचा तक्ता भिंतीवर आहेच, दिवाळीनंतर घेणार आहे, पण तोवर घरी पोराला उभं करून म्हणायला लावू नका.