चिपवाल्यांकडे कोडिंगवाले कशाला?

परवा मामा विचारत होता, "एनव्हिडिया चिप बनवते ना, मग तिथे सॉफ्टवेअरवाले काय करतात रे?" म्हटलं मामा, चिप ते नुसती डिझाइन करतात, प्रत्यक्ष बनवून देते तैवानची टीएसएमसी, आणि खरी गंमत आहे कुडामध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डवर आपले प्रोग्राम चालवू देणाऱ्या एनव्हिडियाच्याच सॉफ्टवेअरमध्ये.

आधी ग्राफिक्स कार्डवर साधं गणित करायचं तरी आकडे म्हणजे जणू चित्रच आहे असं भासवावं लागायचं, म्हणजे नुसता द्राविडी प्राणायाम. 2006 मध्ये कुडा जाहीर झालं आणि सीसारख्या भाषेत सरळ कोड लिहिता यायला लागला. मी पहिल्यांदा दोन अ‍ॅरेंची, म्हणजे आकड्यांच्या याद्यांची, बेरीज लिहिली तेव्हा एकेक आकडा घेत फिरणारा फॉर लूपच गायब! हजारो थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी छोटी छोटी कामं, ब्लॉक नावाच्या गटांत वाटलेली; प्रत्येकाने ब्लॉक आयडी गुणिले ब्लॉक साइज अधिक थ्रेड आयडी करून आपला नंबर शोधायचा, तेवढी एकच बेरीज करायची, संपलं. (शेवटच्या ब्लॉकमधले उरलेले थ्रेड अ‍ॅरेच्या बाहेर जातात, तिथे त्यांना थांबवणारी इफची अट टाकायला विसरलो, मग बसलो रात्रभर.)

2012 ला अ‍ॅलेक्सनेट हे फोटो ओळखणारं एआय मॉडेल ट्रेन झालं ते दोन जीटीएक्स 580 वर, म्हणजे गेमिंगचीच कार्डं हो, पण कुडा नसतं तर त्यावर गेमच खेळत बसले असते सगळे.

मामा म्हणे, "मग चिप कंपनी कशाला म्हणायचं?"